तुमच्या वाट्याचं वाक्य

सोमवार

ती. काकांना नमस्कार.

‘इकडे सर्व क्षेम, आपली प्रकृती कशी आहे’ असं आधी लिहिलं होतं. मग कागद बदलला. क्षेम नाही, आणि तुमच्या प्रकृतीची चौकशी मी आज मनापासून करत नाहीये. मनात नसलेलं लिहिलं की ते मला दिवसभर टोचत राहतं, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर मी लहान असताना तुम्हीच मला ‘तराजू’ नाव ठेवलंत.

खरं तर समोर येऊन बोलायला हवं. सकाळी तुमच्या ऑफिसच्या जिन्यापर्यंत आले आणि परत फिरले. तुम्ही ‘ये गं तराजू, चहा सांगू का?’ म्हणाला असतात आणि मी नेहमीसारखी ‘हो’ म्हणाले असते. कागद चहा विचारत नाही.

झालं ते क्रमाने लिहिते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. रागात आपण कुठे वाढवून सांगत नाही ना, याची मला खात्री करून घ्यायची आहे.

बाबा तुमच्या, म्हणजे त्यांच्या जुन्या मित्राच्या, कंपनीत लिफ्टचे मेकॅनिक आहेत, माझ्या जन्माआधीपासून. त्या पिवळ्या इमारतीची लिफ्ट त्यांच्याच हाताखालची. गेल्या आठवड्यात ती दुसऱ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आणि तिथल्या निवृत्त शिक्षिका बाई बाहेर पाय टाकणार तेवढ्यात ती हातभर खाली घसरली. बाईंचा घोटा मोडला. ब्रेकचे लायनर झिजून गुळगुळीत झाले होते. आणखी काय होऊ शकलं असतं, हा विचार मी रोज करते, तो इथे लिहीत नाही.

काल त्या इमारतीच्या हॉलमध्ये बैठक झाली. पुढच्या खुर्च्यांवर समिती, बाजूला तुम्ही, मागे मी आणि आई. सेक्रेटरींनी बाबांना विचारलं, “तुमच्याकडून काही चूक झाली का?”

बाबा उठले. “हो. माझं चुकलं,” म्हणाले. आणि थांबले. बसले नाहीत, तसेच खाली बघत उभे राहिले.

हॉलमध्ये कुणी बोलेना. तुम्ही पेनाचं टोपण काढलंत, लावलंत. पुन्हा काढलंत. मग सेक्रेटरी म्हणाले, “म्हणजे त्यांना कबूल आहे,” आणि सगळ्यांनी सुटल्यासारखे श्वास सोडले. आता येत्या रविवारी ठरणार आहे की बाबांचा परवाना रद्द करा म्हणून वर तक्रार धाडायची की नाही. परवाना गेला तर बाबा दुसरं काय करतील? त्यांच्या हाताला दुसरं काही येत नाही. आणि तुम्ही त्यांना परस्पर कळवलंत, ‘काही दिवस येऊ नकोस.’

काका, इतर लोकांना मी एक वेळ माफ करीन. त्यांना आमचं घर माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

काकू गेल्यानंतर वर्षभर तुम्ही रोज संध्याकाळी आमच्याकडे येत होतात. आम्ही देवासमोर बसायचो, तुम्हीही बसायचात, भिंतीला टेकून, पाय लांब करून. आमची प्रार्थना तुम्ही पाहिलेली आहे. सुरुवात आईची. “आज दुधाकडे लक्ष नव्हतं, उतू गेलं, आणि मी पोरीवर ओरडले.” मग जरा शांतता. मग बाबा. मग शांतता. मग तुम्ही. “आज ड्रायव्हरला उगाच झापलं,” असं तुम्ही म्हणालात की मला हसू फुटायचं, आणि आई माझ्या मांडीवर चापट मारायची. शेवटी मी. मागणं कुणीच मागायचं नाही. मी एकदा मोठ्याने ओरडून खेळणं मागितलं होतं, तेव्हा आई म्हणाली, “हळू. देव काही बहिरा नाही.”

आणि ती खिडकीची गोष्ट तर तुमच्यासमोरच झाली. एका संध्याकाळी मला काही चूक सापडेना. दिवसभर शहाण्यासारखी वागले होते. रिकाम्या हाताने कसं बसायचं म्हणून मी सांगून टाकलं, “शेजारच्यांची काच मी फोडली.” बाबांनी डोळे उघडले. “काच मांजराने फोडली. मी पाहिलंय. उसनी चूक इथे चालत नाही. उठ, स्वतःची घेऊन ये.” मी रडत उठले. तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला, आणि बाबांना म्हणालात, “भक्ता, अरे, तुझ्या घरात चुकांचीसुद्धा टंचाई!”

अशा घरात मी वाढले. ‘माझं चुकलं’ हे शब्द आमच्या तोंडात कायम तयार असतात. हे तुमच्याइतकं बाहेरच्या कुणालाच माहीत नाही. तरी तुम्ही ते पकडलंत आणि त्याची कबुली होऊ दिलीत. कुणी सवयीने नमस्काराला वाकावं आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीवर पाय देऊन भिंत चढावी, तसं केलंत तुम्ही.

(हे वाक्य जास्त झालं का, म्हणून मी उठून पाणी पिऊन आले. नाही झालं. राहू देते.)

आणखी एक आठवण करून देते. लिफ्ट दुरुस्त झाली की तिच्यात पहिल्यांदा बाबा बसतात, आणि सोबत मला नेतात. मी मुठीत मावेल एवढी होते तेव्हापासून. तुम्ही एकदा रागावला होतात, “पोरीला कशाला नेतोस रे?” बाबा म्हणाले होते, “उद्या दुसऱ्याची पोर बसणार आहे ना यात.” मग ते देवाचं नाव घ्यायचे आणि मला म्हणायचे, “दाब बटण.” मला कधीच भीती वाटली नाही. देव म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगितलं नाही. ते बटण दाबतानाच काय ते समजलं.

त्या माणसाला तुम्ही निष्काळजी ठरू दिलंत.

याहून जास्त मला माहीत आहे. ते लिहीत नाही, कारण आमच्या घरात दुसऱ्याची चूक सांगत नाहीत. पण तुम्हीही ते जाणता.

रविवारी तुम्ही बोलाल या आशेने (‘विश्वासाने’ लिहिलं होतं, खोडलं),

तुम्ही जिला तराजू म्हणता, ती


गुरुवार

ती. काकांना,

नमस्कार सवयीने लिहिणार होते. आज राहू दे.

तुमचं उत्तर मिळालं. फळांची टोपली मिळाली. ड्रायव्हरने दारात उभं राहून पाठ केल्यासारखं सांगितलं, “साहेब म्हणाले, भक्ताने स्वतःच कबूल केलं, आता साहेबांचे हात बांधलेले आहेत.” बिचाऱ्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. मी टोपली परत देत होते, तर आई मधे पडली. “अगं, एवढ्या उन्हातून ओझं घेऊन आलाय तो.” तिने त्याला बसवलं, पाणी दिलं, अर्धी फळं त्याच्याच मुलांसाठी पिशवीत भरून दिली, आणि वर म्हणाली, “साहेबांना सांगा, ब्लडप्रेशरची गोळी वेळेवर घ्या म्हणावं.” माझा नुसता जळफळाट झाला. असं घर आहे आमचं! इथे धड भांडतासुद्धा येत नाही.

तुमचे हात बांधलेले आहेत? काका, तुमच्या हातांबद्दल आता मला लिहावंच लागेल.

अपघाताच्या काही दिवस आधी तुम्ही आमच्या बाहेरच्या खोलीत बसला होतात. स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्यामध्ये आईने शिवलेला पडदा आहे, भिंत नाही. मी कपात चहा ओतत होते. बाबा म्हणाले, “लायनर पार संपलेत. नवे बसेपर्यंत लिफ्ट बंद ठेवतो.” तुम्ही म्हणालात, “वेडा का तू? सेक्रेटरीच्या मुलीचं लग्न आहे, घर पाहुण्यांनी भरलंय. आठवडाभर ढकल. तुझा देव आहे ना? सांभाळेल तो.”

तुझा देव आहे ना.

हेच ते, जे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. गेले कित्येक दिवस हे वाक्य मी भांडी घासताना ऐकते, रस्त्याने चालताना ऐकते. तुम्ही ब्रेकच्या जागी देव बसवलात, काका. तोही तुमचा नाही, आमचा. आणि बाई पडल्या तेव्हा त्याच भोळ्या देवाच्या भोळ्या भक्ताला पुढे उभं केलंत.

टोपली घरात आली आणि मी बाबांवर तुटून पडले. खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा जास्त राग मला त्यांचाच आला होता. त्यांच्याशी असं मी कधी बोलले नव्हते. बोललेलं जसंच्या तसं लिहिते.

“तुम्ही खोटं बोललात, बाबा. मला उसन्या चुकीसाठी उठवलं होतंत. मग रविवारी तुम्ही काय केलंत?”

बाबा पाना पुसत बसले होते. काम नसलं तरी रोज पुसतात. “उसनी कुठे? माझीच होती.”

“काकांनी चालू ठेवायला सांगितली!”

“त्याने सांगितलं. ऐकलं कुणी?” त्यांनी पाना खाली ठेवला. “किल्ली माझ्या खिशात होती, बाळ. लिफ्ट बंद करायला मला कुणाला विचारावं लागत नव्हतं. मला वाटलं, जुना मित्र, त्याचं मन कशाला मोडायचं. देवावर सोडलं, असं म्हणालो मनाशी. सोडलं नव्हतं, ढकललं होतं. सोडायचं ते आपलं काम पुरं करून. ते केलं नव्हतं मी.”

तरी म्हटलं, “मग काकांची चूक?”

“त्याची तो सांगेल.”

“नाही सांगितली त्यांनी! तुम्ही बोललात आणि ते गप्प बसले!”

“मी थांबलो होतो की,” बाबा म्हणाले.

एवढंच. “मी थांबलो होतो की.” जणू समोरच्यासाठी दार उघडून धरलं होतं आणि समोरचा आला नाही.

तेव्हा मला कळलं की हॉलमध्ये ते बसले का नव्हते. तुम्हाला हे त्याच क्षणी कळलं असणार. आईनंतर बाबा, बाबांनंतर तुम्ही. त्यांनी त्यांचं वाक्य म्हटलं आणि तुमच्या वाक्यासाठी जागा ठेवली. मी उगाच सवयीला दोष देत होते. बाबा भानावर होते, आणि तुम्हीही होतात. ती शांतता तुमची होती, आणि तुम्ही तिच्यात पेनाचं टोपण उघडत-लावत बसलात.

आता जे लिहिणार नव्हते तेही लिहिते. त्या रविवारपासून मी देवासमोर बसलेले नाही. मला कुणी बोलावलं नाही, कुणी विचारलं नाही. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असते. आईचं ऐकू येतं, बाबांचं ऐकू येतं. मग ती दोघं माझ्यासाठी थांबतात. मी घडी घालायची थांबवते, आवाज होऊ नये म्हणून. नम्र माणसांचा देव त्यांना असं तुडवू देत असेल तर मला त्याच्याशी काही बोलायचं नाही, असं मी ठरवलंय. पण ते थांबतात, काका. मला ते सहन होत नाही.

रविवारी मी येणार आहे. पडद्यामागून ऐकलेलं सगळ्यांसमोर सांगितलं तर घरात शिकलेली एकच गोष्ट मी मोडणार. नाही सांगितलं तर बाबांचं काम जाणार. माझ्यावर ही वेळ तुम्ही आणलीत.

अजून तीन दिवस तुमच्या हातात आहेत. ते बांधलेले नाहीत.

तराजू


पुढचा शनिवार

ती. काकांना नमस्कार.

आज नमस्कार लिहिला आहे आणि खोडलेला नाही. तरी राग गेलेला नाही, एवढं पहिल्या ओळीतच सांगते.

बैठकीतलं तुम्ही निघून गेलात तिथपर्यंतचं तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही कसं ऐकलंत कोण जाणे, म्हणून मी जसं पाहिलं तसं लिहिते. सेक्रेटरींनी बाबांना पुन्हा विचारलं, आणखी काही सांगायचंय का. बाबा म्हणाले, “नाही. माझं सांगून झालं.” आणि पुन्हा तसेच उभे राहिले. सेक्रेटरींनी घसा खाकरला. आता ते निर्णय वाचणार, असं दिसताच मी उठले.

तुमचं नाव घेऊनच बोलायचं, असं मी घरी आरशासमोर घोकून आले होते. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. “जरा थांबा. आमच्याकडे एकाचं सांगून झालं की थांबतात. दुसऱ्या कुणाला आपलं सांगायचं असतं.”

“दुसऱ्या कुणाला म्हणजे कुणाला?”

“ते मी नाही सांगणार.”

मागून कुणीतरी हसलं. “ही काय शाळा आहे का?”

त्यावर प्लास्टर घातलेला पाय खुर्चीवर टेकवून बसलेल्या बाई कडाडल्या, “असती तर बरं झालं असतं. गप्प बसा सगळे.”

पंखा कुरकुरत होता. मी तुमच्याकडे बघत होते, फक्त तुमच्याकडे. म्हणून बाईच बोलू लागल्या तेव्हा मला आधी कळलंच नाही.

“माझं सांगते,” त्या म्हणाल्या. “मी पडायच्या आदल्या दिवशी लिफ्ट थोडी घसरली होती. मला जाणवलं होतं. मी बोलले नाही. बोलले असते तर बंद केली असतीत, आणि मला जिने चढायला लागले असते. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं मी.”

पुन्हा शांतता. मग सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. हातातला कागद त्यांनी उलटा ठेवला. “मेकॅनिकनं मला सांगितलं होतं बंद ठेवावी लागेल म्हणून. मीच वर फोन केला. घरी लग्न होतं.”

‘वर’ म्हणजे कुठे ते कुणी विचारलं नाही. सगळे तुमच्याकडे वळले. बाबा मात्र नाही, ते जमिनीकडेच बघत होते. तुम्ही खिशातून फोन काढलात, कानाला लावलात आणि “हां, बोला” म्हणत बाहेर गेलात.

काका, फोन वाजला नव्हता. मी जवळच होते.

तक्रार जाणार नाही. सेक्रेटरींनी उठून बाबांचा हात धरला आणि लायनर तुम्हीच बदला म्हणाले. तुमच्याकडे पुन्हा कामाला जाल का, असं मी बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “यापुढे बंद करायची ती लिफ्ट मी बंद करणार, कुणाला न विचारता. हे त्याला चालणार असेल तर जाईन.” इतक्या वर्षांत ते तुमच्याबद्दल असं पहिल्यांदाच बोलले. आवाज नेहमीचाच होता.

मी बरोबर वागले का, हे मी रोज तोलते आहे. नाव घेतलं नाही, पण हॉलभर माणसांना तुमच्याकडे बघायला लावलं. ही पळवाट तर नव्हे? बाबांना विचारलं. ते म्हणाले, “तू जागा दिलीस. तिथे येऊन बसायचं की नाही ते ज्याचं त्याने बघावं.” आई म्हणाली, “पण आवाज जरा चढला होता हो तुझा.”

काल लायनर बसले. बाबांनी हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं. “येतेस?”

मला वाटलं होतं की मी नाही म्हणेन. मी लहान राहिलेली नाही. खाली खोल खड्डा आहे हे मला माहीत आहे. नट-बोल्ट कधी सैल होतात तेही माहीत आहे, आणि माणसं कशी सैल होतात ते तर आता चांगलंच कळलंय. तरी मी आत गेले. बाबांनी देवाचं नाव घेतलं. म्हणाले, “दाब.” मी दाबलं. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं, आणि तिची फरशी मजल्याच्या फरशीला बरोबर मिळाली होती. बाई कुबड्या घेऊन दारातच उभ्या होत्या. “पास,” म्हणाल्या.

संध्याकाळी मी जाऊन बसले. आईचं झालं, बाबांचं झालं. माझी वेळ आली तेव्हा मी म्हटलं, “काकांवरचा राग जात नाही.” मला वाटलं, बाबा म्हणतील, सोडून दे. ते म्हणाले, “असू दे. आहे तसा ठेव त्याच्यासमोर.”

सगळ्यांचं झालं म्हणून मी उठायला लागले, तर दोघं तशीच बसून. डोळे मिटलेले. ही शेवटची शांतता आमच्याकडे नेहमीच असते. इतकी वर्षं मला वाटायचं, ती देवाची. काल पहिल्यांदा विचारलं, “आता कुणासाठी थांबलोय?”

आई म्हणाली, “तुझ्या काकांसाठी. येणं बंद झालं तरी त्यांची जागा कशी मोडायची?”

रोज, काका. तुमचा धंदा वाढला, आमच्याकडे यायला तुम्हाला सवड होईना, तेव्हापासून रोज. ज्या दिवशी तुम्ही ‘तुझा देव आहे ना’ म्हणालात, त्या दिवशीसुद्धा. बाबा हॉलमध्ये उभे राहून आले त्या दिवशीसुद्धा. याचा मला संताप येतो. आई-बाबांनी निदान एक दिवस तरी तुमची जागा झाडून टाकायला हवी होती, असं वाटतं. काल मी स्वतः ती झाडायला निघाले होते, आणि मग त्यांच्याबरोबर मीही बसून राहिले. का, ते मला सांगता येणार नाही. त्या दोघांनी मला दुसरं काही शिकवलेलंच नाही.

मी तुम्हाला माफ केलं असं लिहीत नाही. ते खोटं होईल.

माझं सांगून झालं. आता मी थांबते.

तराजू